डिंकाखालचे अडीच फूट

नकाशेकाकांनी उत्तर न दिलेलं पत्र आयुष्यात एकच. विमा कंपनीच्या छापील शुभेच्छांनासुद्धा 'आपला आभारी आहे' असं उलटटपाली कळवणारा हा माणूस! पण ते एक पत्र अडीच महिने त्यांच्या शर्टाच्या खिशात राहिलं, दोनदा धुण्याच्या बादलीतून बचावलं, आणि उत्तराविना तसंच राहिलं. ते आलं तरी कुठून होतं? परदेशातून नाही, सरकारकडून नाही. शेजारच्या घरातून!

शेजारी राहायचे टेलरमास्तर. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढ्या झुडपांचं, अंदाजानं लावलेलं कुंपण. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. पण नकाशेकाका समोरासमोर बोलायला सापडत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. फाटकाशी कोणी दिसलं की ते पुढच्या खोलीतून उठून मागच्या खोलीत जात, आणि पाहुणा गेल्यावर 'अरेरे, भेट राहिली' असं मनापासून म्हणत. म्हणून मास्तरांनी पत्र लिहिलं आणि टपालानं पाठवलं.

'साहेब, तुम्ही मागच्या अंगणात खोली बांधताय असं कळलं. आनंद आहे. पाया खणण्याआधी एकदा दोघं मिळून टेप धरू, म्हणजे हद्दीचा घोळ नको. आणि एक विनंती. खोली थोडी मागे सरकवता आली तर बघा. आमच्या हिची खिडकी नेमकी त्या बाजूला आहे. ती आता अंथरुणातून उठत नाही. दिवसभर तेवढंच बघते.'

एवढंच पत्र. उत्तर 'हो' किंवा 'नाही', एका शब्दाचं. पण काकांना म्हणायचं होतं 'नाही', आणि हा शब्द त्यांना साठ-सत्तर वर्षांत कधी जमलेला नव्हता. खोली मागे सरकवली तर एक कपाट कमी बसत होतं! त्यांनी पहिला मसुदा लिहिला तो कचेरीच्या नोटिशीसारखा झाला. दुसरा इतका गोड झाला की त्यातून 'हो' असा अर्थ निघायला लागला. तिसरा चार पानांचा झाला आणि त्यात नगररचनेचा इतिहास आला. मग काकांनी स्वतःची समजूत घातली. नियमाप्रमाणे बांधायचं. नियमाप्रमाणे बांधलेली भिंत हेच उत्तर!

आणि नियम त्यांच्याइतका कोणाला माहीत असणार? काकांनी चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशांच्या नकला काढल्या होत्या. लोकांच्या हद्दी त्यांच्या लेखणीखालून गेल्या त्या हजारांनी. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र त्यांनी एकदाही टेप धरला नव्हता. पोहण्यावर चौतीस वर्षं पुस्तकं लिहावीत आणि पाण्यात पाय घालू नये, तसं. पण हे त्यांना त्या वेळी सुचलं नाही, आता सुचतंय.

"हद्दीपासून तीन फूट मोकळे सोडायचे, की कोणाच्या बापाला बोलता यायचं नाही!" त्यांनी गवंड्याला सांगितलं. गवंड्यासमोर त्यांना धीर यायचा, कारण गवंडी ऐकत नसे.

"काका, टेप धरायला शेजारच्या मास्तरांना बोलवू का? त्यांचा हात टेपवर बसलेला आहे."

"ते कपडे बेततात, जमीन नाही. माझ्याकडे नकाशा आहे!"

काम उरकायचं होतं बायको परत यायच्या आत. ती लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेली होती. झोपायच्या खोलीत काकांची पुस्तकं इतकी झाली होती की तिला पलंगावर आडवं होण्याआधी तीन विश्वकोश उचलावे लागत. "माझ्या नशिबी नवरा एक आणि सवती बाराशे," असं ती म्हणे. ती परत येईल तेव्हा सगळ्या सवती नव्या खोलीत गेलेल्या असतील, असा बेत होता.

आता अडचण अशी, की मधल्या हद्दीचा दगड केव्हाच नाहीसा झाला होता. जवळपास शाबूत होता तो फक्त मास्तरांच्या अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यातला. म्हणून काकांनी आपला जपून ठेवलेला नकाशा काढला, मास्तरांच्या अंगणाची रुंदी पट्टीनं मोजली, पलीकडच्या दगडापासून तेवढं अंतर गवंड्याकडून मोजून घेतलं आणि खुंटी मारली. ही झाली हद्द. खुंटीपासून आपल्या बाजूला तीन फूट सोडले, चुन्याची रेघ मारली. रेघ इतकी सरळ आली की ते दोन वेळा लांबून बघून आले.

हे चाललेलं असताना मास्तर त्यांच्या ओट्यावर उभे होते. काकांकडे बघत होते. काकांनी चुन्याच्या डब्यात डोकं घातलं.

तीन आठवड्यांत खोली उभी राहिली. बायको आली, तिनं पिशवी ठेवली, रिकामा पलंग पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काका फुलले! मग ती रोजच्या सवयीनं मागच्या अंगणात गेली. अठ्ठावीस वर्षं दुपारी ती कुंपणाशी उभी राहायची आणि टेलरवहिनी खिडकीत. गेलं वर्षभर वहिनी पलंगावरून बोलत, एवढाच फरक.

"वहिनी!" बायकोनं हाक मारली आणि ती थबकली. समोर विटांची भिंत होती.

भिंतीपलीकडून बारीक आवाज आला. "ताई, आलात का? कुठून बोलताय? मला वाटलं, तुमचं कपाट बोलायला लागलं!"

"अगं बाई! हे काय झालं?"

"काही नाही. साहेबांना म्हणावं, या बाजूला एखादं पान रंगवून द्या. पडल्या पडल्या वाचीन. मुलगी की मुलगा?"

"मुलगी. वहिनी, तुम्हाला उजेड तरी येतो का?"

"येतो की. दुपारी बारा ते सव्वाबारा."

बायको आत आली. काका हातात नव्या खोलीची किल्ली घेऊन उभे होते.

"अहो, तुम्ही त्यांची खिडकी बुजवलीत?"

"तीन फूट सोडलेत. नियम..."

"मी नियम विचारला का?"

त्यानंतर ती रोज दुपारी फाटकातून वळसा घालून वहिनींकडे जाऊन बसायला लागली. खिशातलं पत्र मात्र काकांनी तिला दाखवलं नाही.

कोणी म्हणेल, मास्तरांनी तक्रार केली असेल. छे! मास्तरांनी अवाक्षर काढलं नाही. तक्रार ओढवून घेतली ती खुद्द काकांनी! सगळं नियमानं व्हावं म्हणून त्यांनी नगरपालिकेकडे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मागितला. बरोबर स्वतःच्या हातचा सुबक नकाशा, तीन रंगांत. असा अर्ज तिथं कित्येक वर्षांत आला नसावा, कारण तो बघून तिथल्या निरीक्षकाला संशयच आला. बांधून झाल्यावर आपणहून सांगायला येतो, म्हणजे काहीतरी लपवतोय!

निरीक्षक आला, सोबत मोजणीवाला घेऊन. मोजणीवाला काकांच्या जुन्या कचेरीतला, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं वाकून नमस्कार केला, टेप सोडला, कचेरीतल्या मूळ नकाशावरून दगडापासून मोजलं. पुन्हा मोजलं. मग गल्लीच्या टोकाचा दुसरा दगड शोधून तिथून मोजलं. दोन्ही हिशेब एकाच जागी आले आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, भिंतीपासून हद्द अर्ध्या फुटावर आहे."

"तीन फुटांवर," काका म्हणाले.

"अर्ध्या."

"नकाशा बघ!"

मोजणीवाल्यानं नकाशा उन्हात धरला. मधोमध, मास्तरांच्या अंगणातून, एक जुनी घडी गेली होती. त्या घडीवर कागद फाटला होता आणि कोणीतरी तो फार नाजूक हातानं, डिंक लावून, एका कडेवर दुसरी कडा चढवून चिकटवला होता.

"साहेब, हा जोड कोणी दिला?"

जोड काकांनीच दिला होता, दहा वर्षांपूर्वी. इतका बेमालूम की बायकोला बोलावून दाखवला होता. कडेवर कडा चढली होती ती जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी. कागदावर एक दाणा, जमिनीवर अडीच फूट. डिंकाखाली मास्तरांचं अंगण आखडलं होतं, हद्द त्यांच्याकडे सरकली होती आणि हद्दीमागोमाग काकांची भिंत!

"दुसऱ्या दगडापासूनही टेप धरला असता तर..." मोजणीवाला पुटपुटला आणि टेप गुंडाळायला लागला. गुरूला याहून जास्त कोण बोलणार?

निरीक्षकानं नोटीस दिली. भिंत महिनाभरात पाडा. नाहीतर शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र आणा, मग दंड घेऊन कायम करू. "शेजारी सही देतील ना?" त्यानं विचारलं. "चांगले आहेत म्हणतात."

चांगले होते, तीच तर अडचण! वाईट माणसाकडे सही मागायला जाता येतं. काका त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून गवंड्याकडे गेले.

"भिंत पाडायची आहे."

गवंड्यानं कानातली काडी काढली. "कोणती?"

"मी बांधली ती."

"मी बांधली काका, तुम्ही सावलीत बसला होतात. बरं, पाडू. पण आता दुसरीकडे स्लॅब पडतोय. आठ दिवसांनी येतो."

दुसऱ्या कोणाला सांगायचं तर अनोळखी माणसाशी बोलावं लागणार. काका थांबले. आठ दिवसांचे बारा झाले. तेराव्या दिवशी दुपारी मास्तरांच्या दाराशी रुग्णवाहिका आली. बायको चपला न घालता धावली. काका खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा वहिनींनी हातानं खूण करून ते अंगणात थोडं थांबवलं आणि वर बघितलं. आभाळाकडे, झाडाच्या शेंड्याकडे, कशाकडे कोण जाणे. रुग्णवाहिकेवाला म्हणाला, "चला आजी, ऊन लागेल." त्या म्हणाल्या, "लागू दे रे."

त्या परत आल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मास्तर फाटकाशी उभे राहिले. काका सवयीनं उठले, मागच्या खोलीकडे वळले, पण दारात बायको उभी होती. ती हलली नाही. काका बाहेर गेले.

मास्तरांच्या हातात घडी केलेला कागद होता. "ना-हरकत, साहेब. ताईंकडून मुदत कळली. राहू द्या भिंत. आता त्या खिडकीतून बघायचं कोणाला आहे?"

काकांना खूप काही बोलायचं होतं. आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"याच्या दोन प्रती लागतात."

आपण काय बोललो हे ऐकून ते स्वतःच एक पाऊल मागे सरले. पण मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खिशात हात घातला. "लागतील वाटलंच. आणली आहे दुसरी."

ते गेल्यावर बायको आत जाऊन बसली. काकांनी शर्टाच्या खिशातून ते पहिलं पत्र काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग उठून अडगळीतून हातोडा आणला आणि पत्राशेजारी ठेवला.

भिंत पाडणं हे बांधण्यापेक्षा सोपं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावं. पहिल्या दिवशी काकांनी दोन विटा काढल्या आणि अंगठा फोडून घेतला. दुसऱ्या दिवशी साडेतीन. अर्धी राहिली, ती त्यांच्याकडे बघून हसत होती. तिसऱ्या दिवसापासून बायको विटा उचलायला आली. पुस्तकं एकेक करून पुन्हा झोपायच्या खोलीत गेली, छपराचे पत्रे अंगणात उतरले. गल्लीतले लोक थांबून बघत. "काका, सही मिळाली ना? मग?" काकांकडे याचं उत्तर होतं, पण ते धापा टाकत होते.

एकोणिसाव्या दिवशी शेवटची वीट निघाली. विसाव्या दिवशी गवंडी आला! "अरेच्चा, पाडली? मला सांगायचं नाही का?"

त्या संध्याकाळी मोकळ्या जागेतून काकांना ती खिडकी पहिल्यांदा नीट दिसली. लहानशी होती. पलंग काढून टाकलेला होता. आत मास्तर मशीनवर बसले होते, मशीन चालत नव्हतं.

काकांनी कागद घेतला. मसुदा केला नाही.

'मास्तर, तुमचं पत्र मिळालं होतं. त्याच दिवशी वाचलं होतं. 'नाही' म्हणायचं होतं, म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. कपाट एकच कमी बसणार होतं. भिंत पाडली आहे. वहिनी असताना पाडायला हवी होती.'

पंधरा पावलांवर खिडकी होती. पण काका पाकीट घेऊन गल्लीच्या टोकाला गेले, टपालपेटीशी बराच वेळ उभे राहिले, आणि विचार बदलायच्या आत ते आत टाकून मोकळे झाले. पाकीट तळाला आपटल्याचा आवाज आला. छातीवरचा दगड उतरला.

आणि मग त्यांचा हात खिशात गेला. तिकीट खिशातच होतं.

म्हणजे उद्या पोस्टमन मास्तरांच्या दाराशी उभा राहणार आणि या पत्राचे दुप्पट पैसे त्यांच्याकडूनच मागणार! आणि मास्तर, काही न बोलता, देणार.