नदीकाठची इस्त्रीवाली

पिक्चरमधली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाई म्हणूनच सांगतोय, पण तुम्ही तसं समजू नका. गेली बावीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासतो. ‘जिन्यावरून गडगडत खाली आलो’ असं लिहिणाऱ्या माणसाच्या हातातली काचेची बरणी शाबूत कशी राहिली, हे विचारण्याचाच मला पगार मिळतो. आता असा माणूस थिएटरात जाऊन बसला की काय होणार? हिरो सकाळी गुळगुळीत दाढी करून निघतो आणि दुपारी त्याला तीन दिवसांचे खुंट! हिरॉईन रडत रडत फोन ठेवते टेबलावर आणि उचलते उशीखालून! मी हे सगळं शेजारच्याला ताबडतोब सांगतो. त्यालाही कळायला नको का?

पण चांगल्या कामाची कुणाला कदर नाही. लग्नानंतरच्या तिसऱ्या पिक्चरपासून बायको माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायला लागली. मुलगी मोठी झाली तशी वेगळ्या रांगेचं तिकीट काढायला लागली. आता तर दोघी मला न सांगताच जातात आणि परत आल्या की ‘भाजी आणायला गेलो होतो’ म्हणतात. रिकाम्या पिशव्या घेऊन! इथेही चूक आहेच, पण ती काढायची माझी हिंमत होत नाही.

घरात माझ्याशेजारी बसून पिक्चर बघू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. ती म्हणजे मावशी. आणि तिला दिसत नव्हतं!

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याकडेच असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे टीव्हीवर तिला नुसता उजेड आणि सावल्या दिसायच्या. कान मात्र असे तिखट, की स्वयंपाकघरात कुजबुजायचीही चोरी. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, “ऑपरेशन करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.” या खेपेला तर त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की आणखी टाळाल तर पुढे माझ्याही हातात काही राहणार नाही. पण मावशी ऐकेल तर शपथ!

“डोळ्यात सुरी घालून घेऊ? काही नको. माझं कानांवर भागतंय.”

बायको समजावून थकली, मुलगी रुसून थकली. मला फार वाईट वाटायचं. आयुष्यातला पहिला पिक्चर मला मावशीनंच दाखवला होता, मांडीवर बसवून, डोळे मोठे करकरून. तीच आता टीव्हीसमोर बसून “आता काय झालं?” असं विचारायची.

तिला पिक्चर ‘दाखवायचं’ काम बायकोचं. ती शेजारी बसते आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगत राहते. पण त्या रविवारी दुपारी तिला भावाकडे जायचं होतं. दारातून ती दोनदा परत आली.

“अहो, पिक्चर लागलाय. मावशींना नीट सांगा. आणि चुका काढायच्या नाहीत!”

“मी कशाला काढतोय?”

“एकही नाही!”

पिक्चर जुना, मारामारीचा. पहिला अर्धा तास मी दातओठ खाऊन काढला. मग हिरोनं पुलावरून नदीत उडी घेतली. धप्पकन आवाज झाला. आणि दुसऱ्या क्षणाला महाशय हिरॉईनच्या वाढदिवसाच्या पार्टीत हजर! पांढराशुभ्र कोट, पॅंटला कडक घडी, केसांचा कोंबडा जागच्या जागी!

“काय झालं रे?” मावशीनं विचारलं. “पोहता येतं ना त्याला?”

“पोहतोय कसला! कोरडा ठणठणीत उभा आहे पार्टीत! नदीतून निघाला कसा, कोट वाळला कसा, काही पत्ता नाही. मूर्ख समजतात आपल्याला!”

मावशीचा चेहरा उतरला. पुढे झुकून बसली होती, ती मागे टेकली.

“असं होय,” ती म्हणाली. “मग बंद कर. तू म्हणतोस तर नसेल चांगला.”

तिचा हात सतरंजीवर रिमोट चाचपडायला लागला. मला माझीच लाज वाटली. बाईला दिवसभरात तेवढीच करमणूक, तीही मी हिसकावून घेतली!

“थांब, थांब!” मी म्हणालो. “मधला एक सीन सांगायचा राहिला. नदीकाठी... नदीकाठी एक बाई आहे.”

“कोण?”

समोर खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडला होता. तोंडातून निघून गेलं, “इस्त्रीवाली!”

“नदीकाठी?”

“पुलाखाली टपरी आहे तिची. तिनं त्याला ओढून बाहेर काढला, आणि आता कोटावर इस्त्री फिरवतीये. वाफ निघतीये नुसती!”

मावशी परत पुढे झुकली. “पण ती बोलत का नाही?”

हे कान! मी घाबरलो, पण बावीस वर्षं लोकांच्या थापा ऐकल्यात. त्यातलं काहीतरी अंगाला लागणारच.

“मुकी आहे बिचारी.”

“अरेरे!” मावशी म्हणाली, आणि तिथेच ती इस्त्रीवाली तिच्या मनात बसली. कायमची!

झालं! आता प्रत्येक भोकाला ठिगळ लावायला मला बाई मिळाली. हिरोला गोळी लागली डाव्या खांद्याला आणि पट्टी उजव्याला! गोळी नुसती घासून गेली. उजव्या खांद्याला इस्त्रीचा चटका बसला होता, कोट अंगावरच ठेवून इस्त्री केली ना! व्हिलननं हिरॉईनला कुठं कोंडलंय हे कुणालाच ठाऊक नाही आणि हिरो मोटारसायकलवरून थेट त्याच गोदामात! “त्याला कळलं कसं रे?” मावशीनं विचारलं. त्याला इस्त्रीवालीनं सांगितलं! व्हिलनचे शर्ट तिच्याकडेच येतात. खिशात चिठ्ठी सापडली, तशी ती धावत रस्त्यात आली आणि ओरडली, ‘साहेब, सात नंबरचं गोदाम!’ मोटारसायकलच्या आवाजात आपल्याला ऐकू आलं नाही, इतकंच.

आणि सांगायला लाज वाटते, पण मला मजा यायला लागली! पुढची चूक कधी येते याची मी वाट बघत होतो. शेवटी मावशीनं डोळे पुसत विचारलं, “इस्त्रीवालीचं काय झालं?”

“हिरोनं तिला मोठं दुकान काढून दिलं.”

मावशीनं टाळ्या वाजवल्या.

प्रकरण इथेच मिटायचं. पण आमच्या खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तरीणबाई राहतात. एकट्याच असतात. रोज संध्याकाळी चहाला वर येतात. मावशीची एवढी एकच मैत्रीण. मावशीनं त्यांना इस्त्रीवालीची गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली, दुसऱ्या दिवशी सांगितली, आणि तिसऱ्या दिवशी त्यात भर घालून सांगितली. कोपऱ्यावरच्या थिएटरात रविवारी सकाळी जुने पिक्चर लावतात. दोन आठवड्यांनी नेमका तोच लागला. मास्तरीणबाई हौसेनं जाऊन आल्या आणि चपलाही न काढता दारातूनच म्हणाल्या,

“तुमची ती इस्त्रीवाली काही मला दिसली नाही बाई!”

“डुलकी लागली असेल.”

“मला? चाळीस वर्षं वर्गावर उभी राहिले मी, कधी पापणी मिटली नाही!”

“आता बसला होतात ना!”

मास्तरीणबाई तशाच खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी चहाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशी म्हणाली, “थिएटरवाल्यांनीच ते सीन कापले असणार. कागद घे. तक्रार लिही!”

आता माझी दशा बघा! मी स्वतः जन्माला घातलेली बाई थिएटरवाल्यांनी गायब केली, अशी तक्रार मी माझ्याच हस्ताक्षरात लिहिली. ‘आपण एका कष्टाळू आणि मुक्या स्त्रीवर अन्याय केला आहे’ हे वाक्य मावशीनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पत्र मी अर्थातच टाकणार नव्हतो. खिशात ठेवून दिलं होतं. पण शर्ट धुवायला घेताना बायकोला ते सापडलं, आणि तिनं कौतुकानं तिकीट लावून पेटीत टाकलं!

आठ दिवसांत मॅनेजरचं उत्तर आलं. मी ते मावशीला वाचून दाखवलं. त्या भल्या माणसानं तक्रार वाचलीही नसावी. सगळ्यांना जातं तेच छापील पत्र. ‘झालेल्या त्रुटीबद्दल दिलगीर आहोत. लोकाग्रहास्तव सदर चित्रपट दोन महिन्यांनी पुन्हा लावण्यात येत असून तो संपूर्ण दाखवण्यात येईल.’

“बघ!” मावशीनं कागद छातीशी धरला. “संपूर्ण! त्रुटी कबूल केली त्यांनी!” मग म्हणाली, “डॉक्टरांना फोन लाव. एक डोळा करून घेते. मला ती बाई माझ्या डोळ्यानं बघायचीय. दुसऱ्या डोळ्याचं पिक्चर बघून ठरवू.”

बायकोच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. जे डॉक्टरांना जमलं नाही, ते माझ्या थापेनं केलं! आत गेल्यावर मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. ती कपाळाला हात लावून कॉटवर बसली.

“मावशीला आत्ताच सांगतो,” मी म्हणालो.

“खबरदार! ऑपरेशन होईपर्यंत एक शब्द काढलात तर!”

“आणि नंतर?”

“नंतर तुमचं तुम्ही बघा.”

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटल्यावर मावशीनं आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “किती टक्कल पडलं रे तुला!” आम्ही सगळे हसलो. मी जरा कमी हसलो. मला पुढचा रविवार दिसत होता. इस्त्रीवाली दिसली नाही की मावशीला वाटणार, आंधळी म्हणून आपल्याला बनवलं. आणि मग दुसरा डोळा? तो ती कुणाच्या शब्दावर करून घेणार?

रविवारी थिएटरात मावशी मधे, मी शेजारी. मागच्या रांगेत मास्तरीणबाई, मान ताठ करून. दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. पिक्चर सुरू झाला आणि मावशी हरखली. रंग बघून हरखली, हिरोचा शर्ट बघून हरखली. मी मात्र घामानं भिजलो. पूल आला. उडी आली. धप्प! आणि पार्टी.

मावशीनं माझं मनगट धरलं.

“इस्त्रीवाली कुठंय?”

“मावशी,” मी कुजबुजलो, “ती नाहीये. ती मीच घातली होती मधे. तुला वाईट वाटलं म्हणून.”

पडद्यावर गाणं आलं, मारामारी आली, मोटारसायकल गेली. ती समोर बघत राहिली. मला रडावंसं वाटत होतं. पिक्चर संपत आला तेव्हा हळूच तिचा आवाज आला.

“म्हणजे सात नंबरचं गोदाम, तेही तूच?”

“हो.”

“मुकी ना रे ती? मुकी बाई रस्त्यात उभी राहून ओरडते?”

बावीस वर्षं! बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बरण्या मोजणारा मी!

“तुझ्या तेव्हाच लक्षात आलं?”

“लगेच! मला वाटलं, पिक्चरवाल्यांचीच चूक.”

“मग बोलली का नाहीस?”

“मजा येत होती रे,” मावशी म्हणाली. “एवढी गुणी बाई, त्यात तू इतका रंगून सांगत होतास. तेवढ्यासाठी कशाला मोडता घालायचा?” तिनं माझं मनगट सोडलं नाही. “पण ती नाहीच म्हटल्यावर जरा चुकल्यासारखं होतंय.”

दिवे लागले. मास्तरीणबाई रांग ओलांडून समोर येऊन उभ्या राहिल्या.

“काय मग? दिसली का तुमची इस्त्रीवाली?”

मी मान खाली घातली.

“दिसली की!” मावशी ठणकावून म्हणाली. “चांगली पुलाखाली बसली होती. तुम्ही परत डुलकी काढलीत वाटतं?”

मास्तरीणबाईंनी मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चाळीस वर्षं खोटं बोलणारी पोरं पकडलेली बाई! माझ्या कानशिलावरचा घाम त्यांनी नक्की वाचला. दोन महिने खालच्या मजल्यावर एकट्यानं चहा प्यायल्या होत्या त्या. मावशीशेजारच्या रिकाम्या खुर्चीत टेकल्या.

“डुलकी कसली काढतीये! या खेपेला मलाही दिसली,” त्या म्हणाल्या. “डोक्याला हिरवा रुमाल होता.”

मावशीचा चेहरा असा खुलला, की मी तिच्याकडे बघतच राहिलो.

“निळा होता,” ती म्हणाली.

“हिरवा! तुमचा एकच डोळा झालाय, म्हणून निळा दिसला.”

“असं? अरे, उद्याच डॉक्टरांना फोन लाव. दुसराही उरकून टाकू! मग दाखवतेच यांना!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं! तेवढ्यात दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

“तू सांग. हिरवा की निळा?”

खोट्या दाव्यावर मी आजवर सही केलेली नाही. मी घसा साफ केला.

“निळाच होता,” मी म्हणालो. “कडा तेवढ्या हिरव्या होत्या.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. मावशीनं त्यांचा हात धरला, उठली, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली,

“याचं पिक्चरमध्ये लक्षच नसतं हो. पुढच्या वेळी आपण दोघीच येऊ.”