बिनलसणाची मेजवानी

स्पॅनिश ही जगातली सर्वांत सोपी भाषा आहे, असं मी एकोणीसशे सत्त्याण्णव साली अबुधाबीत जाहीर करून टाकलं. सूपला चक्क 'सोपा' म्हणतात, आणखी काय हवं! आणि पावाला 'पान'! पान वाढलं की निम्मी स्पॅनिश तिथेच झाली!

कारण मात्र गंभीर होतं. यांचा नोकरीचा करार महिनाभरात संपत होता. तो वाढवायचा की नाही हे नव्या साहेबांच्या हातात. सेन्योर इग्नासियो, मूळचे व्हेनेझुएलाचे, मातृभाषा स्पॅनिश. करार गेला तर आमच्या लेकीची, इशिताची, बारावी अर्धवट टाकून गाशा गुंडाळायचा! म्हणून मी साहेबांना शुक्रवारी सपत्नीक जेवायला बोलावलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जेवणाखाणाच्या स्पॅनिशचं एक पुस्तक आणलं. सोबतची कॅसेट हरवली होती. म्हटलं, वाचता येतं की मला!

साहेबांच्या सेक्रेटरीनं, अनुराधानं, फोनवर एकच ताकीद दिली. "वहिनी, लसूण अजिबात नको! कणभर पोटात गेला तरी त्यांच्या अंगावर गांध्या उठतात."

पुस्तकात शोधलं. लसूण : ए, जे, ओ. अजो! वहीत दहा वेळा लिहून काढला.

शुक्रवारी एकच्या ठोक्याला पाहुणे दारात. मी हात जोडून गर्जना केली, "सोपा, नो अजो! तोदो, नो अजो!" म्हणजे सूपात लसूण नाही, सगळ्यातच नाही! साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

मग कोकम सरबत दिलं. मग पुन्हा कोकम सरबत दिलं. पुस्तकात ठळक अक्षरांत होतं की, ही मंडळी तीनच्या आत जेवत नाहीत! सव्वादोनला साहेबांची बायको पिलार फुलदाणीतल्या फुलांकडे शेळीसारखी बघायला लागली.

"मम्मी, दे आर स्टार्व्हिंग!" इशिता स्वयंपाकघरात कुजबुजली.

"गप! स्पेनमध्ये तीनलाच जेवतात."

"बट दे आर नॉट फ्रॉम स्पेन!"

तरी मी तीन वाजवलेच. पानं वाढली.

"अहो, साहेबांना वांगी द्या ना!"

साहेबांचा हात हवेतच थांबला. "नो, थँक यू."

"अहो, उसळ तरी वाढा!"

"नो, नो. ग्रासियास."

"अहो, मग सार?"

साहेबांनी साराची वाटी, आत पाल असावी तशी, दोन बोटांनी दूर सरकवली. पिलार बिचारी सगळं हाणत होती आणि नवऱ्याकडे दयेनं बघत होती. साहेबांच्या पानात उरली एक पुरी आणि मीठ. गेला करार, गेली बारावी!

इशितानं मला ओढत आत नेलं आणि पुस्तकाचं शेवटचं पान नाकासमोर धरलं. "मम्मी, लुक! जेचा उच्चार ह! अजो नाही, आहो!"

"बरं मग?"

"यू आर सेइंग गार्लिक! इन एव्हरी डिश!"

मी ओट्याला टेकले. एकवीस वर्षं मी नवऱ्याला लसूण म्हणून हाक मारत होते!

"आता हाक कशी मारू गं?"

"युज हिज नेम! यल्ला, गो!"

बाहेर आले, डोळे मिटले आणि म्हटलं, "विजयकुमार, भात वाढा."

यांच्या हातातला डाव वरणात बुडाला. पण साहेब भातावर तुटून पडले!

"विजयकुमार, वरण!"

वरणही चाललं. माझा जीव भांड्यात पडला. मग मी लबनेचं, म्हणजे तिथल्या चक्क्याचं, केशरी श्रीखंड आणलं. साहेबांनी चमचा काठोकाठ भरला. तेवढ्यात हे माझ्याकडे झुकले. कानाच्या पाळ्या लालबुंद!

"कुंदा, परत एकदा म्हण ना."

"अहो, काहीतरीच काय!"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "इन द डेझर्ट आल्सो?" आवाज अगदी रडवेला.

इशितानं सगळं सांगून टाकलं. साहेब टेबलावरची भांडी वाजेपर्यंत हसले, आणि वांग्यापासून पुन्हा सुरुवात केली! उठले ते साडेपाचला.

करार दोन वर्षांसाठी वाढला. ऑफिसात यांचं नाव मात्र 'सेन्योर आहो' पडलं ते कायमचं.

आणि मी? घरात कुणी नसलं की अधूनमधून धीर करून हाक मारते, "विजयकुमार!"

हे पेपरातून डोकंही वर काढत नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावतेयस!"