भामरेबाई आणि दुसरी बाजू

मला कुत्रं चावलं तेव्हा भामरेबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो कुत्र्याच्या बाजूने.

मी पोटरी धरून ओट्यावर बसलो होतो. माझी बायको नलिनी हळद घेऊन आली होती, शेजारचे दोघे रिक्षा आणायला धावले होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून भामरेबाई उतरल्या, चष्मा सारखा करून त्यांनी जखम पाहिली आणि म्हणाल्या, "ही झाली तुमची बाजू. आणि दुसरी?"

"बाई, दुसरी बाजू पळून गेली!"

"मग शोधायला हवी," असं म्हणून त्या खरोखर शोधायला गेल्या. मी इंजेक्शन घेऊन परत येईपर्यंत त्यांची चौकशी पूर्ण झाली होती. "तुमच्या स्कूटरमागे तिची पिल्लं होती, महाजन. तुम्ही न बघता स्कूटर मागे ढकललीत. तिनं चावायला नको होतं, हे खरंच. पण आधी तुम्ही बघायला हवं होतं."

मी एका कपड्याच्या मिलमध्ये हिशेब बघतो. जमा आणि खर्च दोन्ही पाहिल्याशिवाय मीही सही करत नाही. तरी कुत्रीच्या खात्यावर काही जमा असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सुरतेच्या उधन्यात आमची कॉलनी आहे. बहुतेक घरं खानदेशातली, चार-दोन गुजराती. भामरेबाई मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. दूधवाला पाणी घालतो म्हणा, जावई बोलत नाही म्हणा, नळाला पाणी नाही म्हणा, बाईंचा प्रश्न ठरलेला. नलिनीने एकदा माझ्या घोरण्याची तक्रार केली, तर बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं?" घोरणाऱ्याला स्वतःचं म्हणणं असतं का? पण विचारलं म्हणून मला उगीच बरं वाटलं.

त्यांची आणखी एक गोष्ट मला कळत नसे. त्यांच्या घरात खिडकीजवळ एक पायाचं शिलाई मशीन होतं. त्यावर धुतलेली चादर. दर रविवारी बाई चादर काढून मशीनला तेल घालत, चाक फिरवून बघत, पुन्हा चादर घालत. पण टाका कधी घातला नाही. स्वतःचे ब्लाउज त्या नाक्यावरच्या शिंप्याकडे टाकत आणि त्याने उशीर केला की त्याचीही बाजू ऐकून घेत. मशीन घरात असताना शिंप्याला पैसे का द्यायचे, हा हिशेब मला सुटत नव्हता. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

देशात न्यायाधीश कोणी मतं टाकून निवडत नाही. आमच्या कॉलनीत निवडतात. जमीन घेतली तेव्हाच मूळच्या मंडळींनी ठरवलं होतं, की आपसातलं भांडण कोर्टात न्यायचं नाही, तिथे नुसत्या तारखा पडतात. आपला एक पंच असावा, दर दोन वर्षांनी निवडावा, आणि त्याचा निकाल सगळ्यांनी मानावा. चिठ्ठ्या टाकायला शेंगतेलाचा रिकामा डबा, वर पत्रा कापून फट केलेली. चिठ्ठ्या मोजायचं काम माझ्याकडे.

त्या वर्षी पंचाची जागा वाईट रीतीने रिकामी झाली होती. उन्हाळ्यात गच्चीवरची पाण्याची टाकी रोज सकाळी रिकामी सापडायची. गच्चीलगतच्या खोलीत बोरसे म्हणून एक लूमवर काम करणारा राहायचा. बायको आणि तान्हं मूल. पंचांनी त्याला बोलावलं, "तूच नळ उघडा ठेवतोस" म्हणाले आणि खोली सोडायला लावली. बोरसे बोलायला तोंड उघडायचा, की पंचांचा आवाज चढायचा. ते कुटुंब गेलं आणि दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा रिकामी! पाइप भिंतीच्या आत फुटला होता. बोरसेला शोधायला माणसं शहराबाहेर पार इच्छापोरपर्यंत जाऊन आली. सापडला नाही. पंचांनी राजीनामा दिला.

सगळे पंचांना नावं ठेवू लागले. बाई तेवढ्या म्हणाल्या, "त्यांना निवडलं कोणी? आपणच ना? निवडताना आपल्याला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं? आवाज मोठा आणि गणपतीला वर्गणी मोठी. एवढ्यावर न्यायाधीश करतात का कोणी?"

त्या चिठ्ठ्या मीच मोजल्या होत्या, आणि एक माझीही होती.

नव्या निवडणुकीला तीन जण उभे राहिले. बाईंनी जाहीर केलं, की तिघांकडे त्या एकच तंटा घेऊन जाणार, कोण काय म्हणतो ते ऐकणार, आणि मतदानाआधी कॉलनीच्या ओट्यावर सगळ्यांना जसंच्या तसं सांगणार. "कोणाला मत द्या, हे मी बोलणार नाही. पण जे जे बोललं जाईल ते सगळं सांगेन. त्यातलं काही गाळणार नाही."

"आणि महाजन, तुम्ही साक्षीला चला. समोरचा मला मध्ये किती वेळा तोडतो ते मोजा. तुम्हाला मोजायला आवडतं."

तंटा असा होता. दोन बहिणी. आईचं एक शिलाई मशीन. आई धाकटीकडे असायची, म्हणून तिच्या मागे मशीन धाकटीकडे राहिलं. एके दिवशी थोरली आली आणि धाकटी बाजारात गेली असताना मशीन घेऊन गेली. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. निकाल काय द्याल?

मला वाटलं, खिडकीजवळचं मशीन बघून बाईंनी बसल्याबसल्या रचलं असणार. शिक्षकांना गणितं रचायची सवय असते.

पहिले ठाकोरभाई. जरीचा धंदा, खरा सुरती माणूस. आम्ही चपला काढतोय तोवर वाफवलेल्या डाळीचा मऊ लोचो आणि शेव पुढे आली. "बेसो बेन, पहेलां खाओ. भूख्या पेटे न्याय नहीं थाय." बाई बोलू लागल्या. मशीन थोरलीने नेलं, एवढं ऐकताच ठाकोरभाई हसले, "अरे, एमां शुं मोटी वात! दुसरीला नवं मशीन घेऊन द्या. खल्लास! नसेल तर मी देतो." माणूस इतका मोठ्या मनाचा, की त्याला तंटा ऐकून घ्यायची गरजच वाटली नाही. मध्ये तोडणं फार नाही. पण तोंडात लोचो होता, हेही धरायला हवं.

दुसरे जगतापसाहेब, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी आम्हाला बसवलं, स्वतः सदरा चढवून आले आणि विचारलं, "मूळ पावती कोणाच्या नावे आहे?"

"साहेब, मी अजून सांगायला सुरुवात—"

"सुरुवात पावतीपासूनच होते, बाई. आईचं मृत्युपत्र? नाही? मग वारस किती? भाऊ आहेत का? मशीनची आजची किंमत?" मोजता मोजता माझी बोटं संपली. शेवटी म्हणाले, "धाकटीने लेखी अर्ज करावा. थोरलीने वस्तू तत्काळ जमा करावी. पुढचं पुढे."

जिना उतरताना मी म्हणालो, "मुद्दे मात्र बरोबर होते."

"पावतीचे होते," बाई म्हणाल्या. "बहिणींचा एकही नव्हता."

तिसरी उमेदवार कुसुम चौधरी. तिचं नाव पोरांनी थट्टेने सुचवलं होतं आणि तिने थट्टेला थट्टा म्हणून मान्य केलं होतं. कुसुम पापड करून विकायची आणि नळावर भांडायची. तिच्याशी एकदाही न भांडलेलं घर कॉलनीत नसेल. आमच्या घराशी दोनदा.

"या ना वं बाई! भाऊ, तुम्ही तिकडे बसा, पापडावर पाय पडंल." लाटणं थांबलं नाही. "काय व्हयनं? कोनी काय केलं?"

बाईंनी तंटा सांगितला. कुसुम लाटत होती, मान हलवत होती. एकदाही मध्ये बोलली नाही. जिची जीभ नळावर कधी थांबली नाही, ती इथे थांबली होती. मी नुसता मुठी मिटून बसलो, मोजायला काही नव्हतं.

तंटा संपला. कुसुमने पापड उचलून चादरीवर टाकला. मग म्हणाली, "हे झालं धाकटीचं. थोरली काय म्हणते?"

बाईंनी पदर सारखा केला.

"कोनी मशीन डोक्यावर घेऊन उगाच जातं का, बाई? जड किती असतं! काही तरी झालं असंल. तिला कोनी विचारलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मी वळून पाहिलं. "कोणीच नाही विचारलं. इतक्या वर्षांत तू पहिली."

लाटणं थांबलं.

पुढचं मी बाईंच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांची अट एकच होती, की आधी त्यांच्या धाकट्या बहिणीला, शांताबाईंना वाचून दाखवायचं. तसं झालं आहे.

धाकटी शांता, अमळनेरला. तिचा नवरा सट्टा खेळायचा. घरातले पितळेचे हंडे गेले, मग तिच्या बांगड्या. एकदा बाई तिकडे गेल्या असताना मशीन बघायला गिऱ्हाईक आलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शांता शिवणकामावर घर चालवत होती, आणि नवरा असं करील यावर तिचा विश्वास नव्हता. बाईंनी त्याच दिवशी मशीन उचललं आणि सुरतेला आणलं. कारण सांगितलं असतं तर चार नातेवाइकांसमोर शांताच्या संसाराची लाज गेली असती. म्हणून गप्प राहिल्या. शांताने सगळ्यांना सांगितलं, की ताईने आईची वस्तू लुबाडली. सगळ्यांनी ते मानलं.

"ती दुसऱ्यांची धुणीभांडी करू लागली, हे मला फार उशिरा कळलं," बाई म्हणाल्या. "आता तिचा नवरा नाही. मशीन तिचंच आहे. मी त्यावर रुमालसुद्धा शिवला नाही."

"मग दिलं का नाही परत?" कुसुमने विचारलं.

"ती एकदा विचारील, ताई, का नेलंस? असं वाटत राहिलं."

कुसुम उठून बाईंच्या समोर येऊन बसली. हाताला उडदाचं पीठ तसंच. "राग येऊ द्या, पण बोलते. सगळ्या उधन्याला 'दुसरी बाजू, दुसरी बाजू' करत फिरता. महाजनभाऊला चावलेल्या कुत्रीलासुद्धा विचारलं म्हणे! आन् सख्ख्या बहिणीला? ती कशी जगली मशीनबिगर, ते तुम्ही तिला विचारलं का?"

बाईंनी चष्मा काढला. मी पापडांकडे बघत राहिलो.

मला पुढची काळजी लागली होती. बाईंनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की काही गाळणार नाही. ठाकोरभाई आणि जगतापसाहेबांचं सगळं सांगायचं आणि कुसुमचं अर्धवट, तर तो कुसुमवर अन्याय. पूर्ण सांगायचं, तर शांताची झाकलेली लाज भर ओट्यावर. घरी येऊन मी नलिनीला म्हणालो, "बाई उद्या तब्येतीचं निमित्त करतील." नलिनी म्हणाली, "तुम्हाला आकडे कळतात, माणसं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या. ओटा भरला होता. तीनही उमेदवार हजर. बाईंनी ठाकोरभाईंचं सांगितलं, लोचोसकट. ठाकोरभाईच सगळ्यात मोठ्याने हसले. जगतापसाहेबांचं सांगितलं, साहेबांनी दोनदा दुरुस्ती केली, ती मी आधीच्या आकड्यात मिळवली. मग कुसुम.

"कुसुमने मला एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, की थोरलीचं म्हणणं काय." बाईंनी चष्मा सारखा केला. "ती थोरली मी आहे. मशीन मी नेलं."

"का नेलं, बाई?" मागून कोणी तरी विचारलं.

"मी कुसुमला कारण सांगितलं. ते आधी माझ्या बहिणीने ऐकायचं, मग तुम्ही. एवढं एकच गाळते, आणि गाळते आहे हे सांगून गाळते. त्यानंतर कुसुमने मला विचारलं, की बहिणीची बाजू तुम्ही ऐकलीत का? मी ऐकली नव्हती. झालं. आता मत तुमचं."

मतदानाच्या दिवशी बाई कॉलनीत नव्हत्या. आदल्या सकाळी मी आणि ठाकोरभाईंनी मशीन हातगाडीवर घालून उधना स्टेशनवर नेलं. भुसावळकडच्या पॅसेंजरमध्ये चढवताना ठाकोरभाईंचा पाय चेंगरला आणि ते सुरतीत जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाई मशीनला पाठ टेकून बसल्या, जणू ते उठून पळणार होतं.

खिडकीतून मी विचारलं, "बाई, पोचल्यावर आधी काय सांगणार?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "आधी तिचं ऐकणार. माझी दुसरी बाजू आहे ना, ती नंतर."

कुसुम निवडून आली. मी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा तेच. पंच झाल्यावरही ती नळावर भांडते. फक्त भांडण संपल्यावर आता समोरच्याला विचारते, "हां, बोल, तुझं काय?"

बाई पंधरवड्याने परतल्या. अंगात नवा ब्लाउज, गडद निळा. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब आणि काखेत घट्ट, इतकी की नलिनीची उसनी वाटी परत द्यायला हात पुढे करताना त्यांना खांदा वाकवावा लागला.

नलिनी म्हणाली, "बाई, द्या इकडे. शिंपी पाच मिनिटांत उसवून देईल."

"नको," बाई म्हणाल्या आणि घट्ट बाहीवरून हात फिरवला. "तिच्या हाताची सवय सुटलीय इतक्या वर्षांत. पुढचा नीट बेतेल."