खिडकीचा करार

१९७१ साल. निवडणुकीचं वर्ष. दोन विरोधी पक्षांना एका खोलीत कसं नांदवायचं, हे त्या साली अख्ख्या संसदेपेक्षा मला जास्त कळत होतं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. निदान शनिवारी दुपारी बारापर्यंत तरी नक्कीच कळत होतं!

घराच्या पुढच्या खोलीत आमचा छापखाना होता. मामंजी मालक, आमचे हे अक्षरांचे खिळे जुळवणार, आणि प्रुफं वाचणं, कागद मोजणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ही उरलीसुरली कामं माझी. मामंजी कपातवाल्या पक्षाचे. सरकारने खर्च छाटावा, देशावरचं कर्ज आधी फेडावं आणि मगच मान वर करावी, हे त्यांचं मत. हे उभारणीवाल्या पक्षाचे. आणखी कर्ज काढा, कारखाने उभारा, त्यांच्या कमाईतून सगळं फिटेल, हे ह्यांचं मत. एका रात्री जेवताना मामंजी ह्यांना उधळ्या म्हणाले, हे मामंजींना चिक्कू म्हणाले, आणि त्या घासापासून बापलेकांचं बोलणं बंद. तीन वर्षं! सगळा कारभार माझ्यामार्फत. दोघं हातभर अंतरावर उभे असायचे, तरी मामंजी मला म्हणायचे, शाई संपली म्हणून तुझ्या नवऱ्याला सांग. हे मला म्हणायचे, नवीन डबा फळीवर आहे म्हणून बाबांना सांग. मी मध्ये उभी राहून टेबलफॅनसारखी मान फिरवायची.

निवडणूक जाहीर झाली तसा पारा आणखी चढला. शेवटी मामंजींनी ठरवलं, छापखाना विकायचा आणि वाटणी करून मोकळं व्हायचं. मी निरोप पोचवला. हे म्हणाले, चालेल. तीन वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही नेमकं ह्यावर! यंत्र गेलं की हे नोकरीसाठी परगावी जाणार, मामंजी रिकाम्या खोलीत भिंतीकडे बघत बसणार, आणि मला तर शाईच्या वासाशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटत नसे. मी पदर खोचला.

गावातल्या दोन्ही उमेदवारांच्या प्रचारपुस्तिका आमच्याकडेच छापायला आल्या होत्या. मी दोघांना ऐकवलं, “शनिवारी दोन्ही कामं भांडणाशिवाय बाहेर पडली, तर विक्री रद्द. कबूल?” मामंजी खाकरले. ह्यांनी नाक ओढलं. आमच्या घरी याला सही म्हणत.

पण अडचणी सुरू झाल्या. विरोधकांच्या कागदाला बोट लावायला दोघंही तयार नाहीत. आपापली पानं आपणच छापणार, आपणच उचलणार. त्यात ओली शाई लवकर वाळावी अशी जागा एकच, खिडकीखालचं टेबल. त्यावरून कुरबूर सुरू झाली तसा मी करार काढला. सकाळी खिडकी मामंजींची, दुपारी ह्यांची. बाराचे ठोके पडले की दोघांनी आपापले ढीग उचलून जागा बदलायच्या. आपल्याला वाईट अर्धा दिवस मिळाला, असं दोघांनाही वाटलं. त्यावरून मी ओळखलं, तडजोड चोख झाली.

शनिवारी मदतीला आत्याबाई आल्या. मामंजींच्या ह्या थोरल्या बहिणीचं राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. सांगाल ते काम त्या डोळे मिटून करत. मी त्यांना समजावलं, खिडकीतली पानं निळ्या कव्हरात घालायची, दाराजवळची पिवळ्या कव्हरात, आणि पिना मारायच्या. निळं कव्हर कपातवाल्यांचं, पिवळं उभारणीवाल्यांचं. मी सांगितलं तेव्हा ते शंभर टक्के बरोबर होतं. आत्याबाई चहा प्यायला आत गेल्या. मी कव्हरं कापायला मागच्या खोलीत गेले. तेवढ्यात बारा वाजले.

बापलेक कराराला जागले. एकमेकांकडे न बघता त्यांनी ढीग हलवले आणि संध्याकाळी दोन्ही उमेदवारांची एकत्र सभा होती, तिच्या खुर्च्या मांडायला निघून गेले. आत्याबाई चहा पिऊन आल्या आणि सांगितल्याप्रमाणे कामाला लागल्या.

तुम्ही म्हणाल, बाई, एकदा उघडून तरी बघायचं! बघितलं ना. निळी पुस्तिका उघडली. पहिलंच वाक्य होतं, ‘आज जन्मणारं प्रत्येक बाळ डोक्यावर कर्ज घेऊन जन्मतं, आणि याला सर्वस्वी आमचे विरोधक जबाबदार आहेत.’ मी समाधानाने मिटली. दोन्ही पुस्तिकांचं पहिलं वाक्य हेच होतं. पहिली चार पानंही जवळजवळ तीच. फरक पडायचा तो पाचव्या पानापासून.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. एका व्यासपीठावर दोन्ही उमेदवार. कपातवाल्यांचे डॉक्टर, ज्यांनी आजवर प्रत्येक रोग्याचं काही ना काही खाणं बंद केलं होतं, आणि उभारणीवाल्यांचे वकील, जे तारखा वाढवण्यात पटाईत होते. डावीकडे मामंजी, उजवीकडे हे, मधल्या वाटेशी मी.

डॉक्टर उठले, निळी पुस्तिका उघडून खणखणीत वाचू लागले. पहिल्या चार पानांना टाळ्याच टाळ्या. त्याच झोकात ते पाचव्या पानावर आले. “भिऊन देश चालत नाही. मोठं कर्ज काढा, मोठे कारखाने उभारा.” शेवटच्या शब्दाला आवाज खाली आला, भलत्याच रोग्याचं औषध स्वतःच गिळल्यासारखा. पण डॉक्टर थांबले की टाळ्या वाजवायच्या, हे त्यांच्या लोकांना शिकवून ठेवलेलं. छप्पर उडायचं बाकी राहिलं. मामंजींनीही वाजवल्या. मग त्यांचे हात हवेतच थबकले.

वकिलांना उकळ्या फुटल्या. “डॉक्टरसाहेबांना उशिरा का होईना, पटलं,” असं म्हणत त्यांनी पिवळी पुस्तिका फडकावली आणि थेट पाचवं पान वाचलं. “कर्ज हा रोग आहे. आधी खर्चाला कात्री लावा.”

आता ह्यांचे हात हवेत. मी चप्पल शोधू लागले.

दोघं उमेदवार आपापल्या कव्हरांकडे आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. सावरले ते वकील. त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात टाकला आणि जाहीर केलं, देशाच्या भल्यासाठी आज आम्ही ठरवून एकमेकांची बाजू वाचली. डॉक्टरांनीही ती दोरी घट्ट धरली. थोडं कर्ज, थोडी कपात, आणि दोन्ही पक्षांची मिळून एक समिती! लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी घरी पोचले तर बापलेक समोरासमोर उभे.

“हा तुझा कावा,” मामंजी म्हणाले.

“माझा? बाबा, तुमच्या कागदाला मी बोट तरी लावलं का?”

भांडत का होईना, पण थेट बोलत होते! एवढ्यात मामंजींची नजर खिडकीकडे गेली. ह्यांचीही गेली. मग दोघं मिळून माझ्याकडे वळले.

“सूनबाई, ही जागा बदलायची टूम कुणाची?”

“मंजूर तुम्ही दोघांनी केलीत,” मी ठामपणे म्हणाले.

“मला तेव्हाच पटलं नव्हतं, बाबा.”

“मला तरी कुठे पटलं होतं?”

आत्याबाई म्हणाल्या, मला सांगितलं तसं मी केलं.

तेवढ्यात दार धडधडलं. बाहेर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते, छपाईचे पैसे परत मागायला आलेले. बापलेक दारात खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

“पैसे कसले परत?” मामंजी गरजले. “तुमचेच उमेदवार म्हणाले, ठरवून केलं. म्हणजे आम्ही छापलं ते बरोबर!”

“उलट पानांच्या अदलाबदलीची मजुरी वेगळी लागेल,” हे म्हणाले.

मामंजींनी त्या क्षणी लेकाकडे असं पाहिलं, की छापखाना विकला जाणार नाही हे मला कळून चुकलं.

निवडणूक वकिलांनी जिंकली. समितीचं अध्यक्षपद कुणाला द्यायचं यावरून ती पहिल्याच बैठकीत मोडली. डॉक्टर परत दवाखान्यात जाऊन लोकांची साखर बंद करू लागले. आत्याबाई पुन्हा कधी पिना मारायला आल्या नाहीत. देशाच्या कर्जाचं म्हणाल, तर ते तेव्हाही वाढत होतं आणि आजही वाढतं आहे.

मामंजी पुढे चौदा वर्षं जगले, आणि ती चौदाही वर्षं बापलेक त्या कर्जावरून रोज समोरासमोर भांडले. जेवताना, खिळे जुळवताना, आजारपणात औषध घेतानासुद्धा. आता ते दोघंही नाहीत. यंत्र माझ्या मुलीने चालू ठेवलं आहे.

अबोला होता तेव्हा प्रत्येक वाक्य माझ्या हातून जायचं, आणि वाटेत मी त्याला जरा बरं करून पोचवायची. बोलणं सुरू झालं आणि घरात मला कुणी विचारेना. खरं सांगते, एक-दोनदा मनात येऊन गेलं, की पुन्हा एकदा लावून द्यावं अबोल्याचं भांडण.