डायल टोन नाही

टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला की डायल टोन ऐकू येत होता. तीच वायर इंटरनेट जोडून देणाऱ्या मॉडेमला लावली की संगणकाच्या पडद्यावर उमटत होते : ‘डायल टोन नाही.’

संगणकाचा मालक पाण्याच्या प्रयोगशाळेत विश्लेषक होता आणि पुराव्याशिवाय हवामानावरही मत देत नसे. त्याची बायको अनुवाद करी. हृदयविकारावरच्या एका पुस्तकाचे काम तिला प्रथमच एका मोठ्या प्रकाशकाकडून मिळाले होते. उरलेली प्रकरणे आज संध्याकाळपर्यंत ई-मेलने गेली नाहीत, तर काम दुसऱ्या अनुवादकाकडे जाईल, असे संपादकांनी बजावले होते. डोळे जाळून तिने ती पुरी केली होती.

नेमक्या त्याच सकाळी विश्लेषकाने इंटरनेट जोडून लिनक्स या संगणकप्रणालीचा नवा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, उतरवून घेतला. जुन्यात काही दोष नव्हता. पण नवा उपलब्ध होता. तो बसवून संगणक पुन्हा सुरू केल्यापासून मॉडेमने टोन नाकारला होता.

दोष नव्या कर्नलचा, असे गृहीतक मांडून त्याने जुना परत बसवला. ‘डायल टोन नाही.’ गृहीतक बाद झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या शिस्तीने मग मॉडेम चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला, पोर्ट बदलले, वायर बदलली; आणि दर बदलानंतर संगणक जागा होईपर्यंत नवराबायको पडद्याकडे पाहत बसले. मदतीच्या फाइलमध्ये ‘मॉडेम चालत नसल्यास’ असे एक प्रकरण सापडले. त्यात एकच वाक्य होते : अधिक माहितीसाठी आमचे संकेतस्थळ पाहावे.

“म्हणजे विहिरीत पडलेल्याला सांगायचं, वर ये आणि दोर घेऊन जा,” बायको म्हणाली.

“अगं, मोफत आहे ती प्रणाली.”

“दिसतंय. माझं काम मात्र मोफत नव्हतं.”

ज्या मित्राने विश्लेषकाला या प्रणालीची दीक्षा दिली होती, त्याला सगळे महाराज म्हणत. महाराजांना फोन करायचा तर वायर मॉडेममधून काढून टेलिफोनला लावावी लागे. त्यांनी सांगितलेले करून पाहायचे तर टेलिफोनमधून काढून मॉडेमला. त्यामुळे उपदेश ऐकणे आणि तो आचरणे या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नव्हत्या. महाराजांनी ड्रायव्हर नव्याने घडवायला सांगितला. तो घडला. पडद्यावरचे वाक्य बदलले नाही.

“अहो, महाराजांना फोन लागतो, तो काय टोनशिवाय लागतो?” तिने विचारले.

“आपल्याला टोन आहे असं वाटतं. मॉडेम मोजतो. वाटणं आणि मोजणं यात फरक असतो.”

दुपारी तो प्रयोगशाळेत जाऊन दुसरा मॉडेम मागून घेऊन आला. त्यानेही तेच सांगितले. दोन स्वतंत्र उपकरणांनी एकच निष्कर्ष दिला होता. शास्त्राच्या दृष्टीने हे समाधानकारक होते. बायकोच्या डोळ्यांत पाणी आले.

खिडकीतले ऊन भिंतीवर चढू लागले, तेव्हा तिने डोळे पुसले, रिसीव्हर उचलला आणि नंबर न फिरवता तो नुसताच कानाशी धरून ठेवला.

“हा आधी अडखळतो,” ती म्हणाली. “तुटक तुटक येतो, मग सलग होतो.”

विश्लेषक काही बोलण्याआधीच तिने टेलिफोन कचेरीत विचारले. तिथल्या बाईंनी सांगितले, की टोन तुटक येतो म्हणजे तुमच्यासाठी कोणीतरी निरोप ठेवला आहे. लाइन एंगेज असली की एक्स्चेंज तो जपून ठेवते. अशी सोय आपल्या टेलिफोनला आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. बाईंनी सांगितलेला नंबर तिने फिरवला.

आवाज संपादकांचा होता. “ताई, मघापासून तुमचा फोन एंगेज लागतोय, म्हणून हा निरोप. लेखकांनी उरलेली प्रकरणं नव्याने लिहायला घेतलीत. जुनी आता नकोत. आज काही पाठवू नका.”

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला.

“काम गेलं का?” नवऱ्याने विचारले.

“काम आहे. केलेलं गेलं.”

त्याने महाराजांना फोन करून शोध कळवला. टोनची वाट न पाहता डायल कर, असे मॉडेमला एका ओळीत सांगता येते, असे महाराज म्हणाले. मग सकाळीच का सांगितले नाहीस, या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते, “तू ड्रायव्हरचं विचारलंस.” ती ओळ लिहून झाली, वायर पुन्हा मॉडेमला लागली. मॉडेमने किंचाळत पहिल्याच फटक्यात जोडणी केली. पाठवण्यासारखे काही उरले नव्हते.

कारण असे निघाले. सकाळी नवा कर्नल उतरत असताना लाइन अडून राहिली, म्हणून संपादकांचा फोन एक्स्चेंजमध्ये निरोप होऊन पडला. निरोप पडून होता, म्हणून टोन तुटक झाला. आणि तुटक टोनला मॉडेम टोन मानत नाही. कर्नल, ड्रायव्हर, पोर्ट, वायर आणि दोन्ही मॉडेम निर्दोष होते. लाइन विश्लेषकाने अडवली होती.