नानूकाकांची चौथी खोली

गेले दोन दिवस हरमलच्या बाजारात नानूकाका समोरून आले की लोक फोन खिशात घालतात. कारण काका ख्यालीखुशाली विचारत नाहीत, सरळ हात पुढे करतात. "दी हांगा. जरा उघडून बघतंय." मग पाव विकणाऱ्या पोदेराच्या, बसच्या कंडक्टरच्या, एखाद्या चड्डीवरल्या परदेशी पाहुण्याच्याही फोनवर आपली वेबसाइट उघडतात, खोल्या मोजतात आणि तोंड पाडून फोन परत करतात. "चौथी अजून आसाच!"

याला जबाबदार मी. काका आमचे शेजारी. डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी थांबल्या तसे घरी आले आणि पाहुण्यांना खोल्या द्यायला लागले. मुलगी वैशाली त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून लिस्बनला गेली, तेव्हा रागाच्या भरात तिचीही खोली भाड्याने लावली. वेबसाइटवर चौथी खोली म्हणून झोकात फोटो टाकला. यंदा वैशाली चवथीच्या गणपतीला येणार, पण आपल्या आत्याला म्हणाली, "माझ्या खोलीत पाहुणे. मी हॉटेलात राहीन." तेव्हापासून काकांचं जेवणात लक्ष नाही. आपणहून फोन करावा, तर ताठा आड येतो.

शेवटी चौथी खोली साइटवरून काढ म्हणून माझ्याकडे आले, पण जुनी साइट बनवणारा पासवर्डसकट दुबईला गेलेला. साइटचं नाव तेवढं नशिबाने काकांच्या ताब्यात होतं. मी तीन खोल्यांची नवी साइट केली आणि ते नाव नव्या सर्व्हरकडे वळवलं.

"काका, हे जगभर पोचायला दोनेक दिवस लागतात. कुठे आधी दिसतं, कुठे मागाहून."

"म्हणजे कौल लावलंस तू," काका म्हणाले.

झालं! देवाला पाकळ्या लावून गावकरी बसतात तसे ते, बाजारातल्या फेऱ्या सोडल्या तर, माझ्या कम्प्युटरसमोर मांडी घालून बसले. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार; वाऱ्याने ती पडू नये म्हणून देवळात पंखा बंद करतात. काकांनी माझ्या खोलीतला केला. मी घामाने निथळतोय आणि हे विचारतायत, "उजवी पडात मां?" बायको चहा घेऊन आली तर तिला दारातच थोपवलं. मला खोकायचीही चोरी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कम्प्युटरवर बघून सांगितलं, की पोर्तुगालमध्ये नवी साइट दिसायला लागली.

"मशिनीचा काय खरां? वैशूक विचार. साइट चालता काय, इतक्याच. माझां नाव काढू नको," म्हणत काका भिंतीकडे तोंड करून बसले.

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "वैशाली, तुमच्या साइटचं टेस्टिंग चाललंय. किती खोल्या दिसतात सांग."

"थांब हां... एक, दोन, तीन." तिने पुन्हा मोजल्या. "तीनच? माझी खंय गेली?"

मी तोंड उघडायच्या आत भिंतीकडून आवाज आला, "मोकळी आसा म्हणून सांग तिका! कोणाक दिवचंय नाय!"

मी फोन भिंतीकडे सरकवला.

"बाबा," ती म्हणाली, "मी एकटी येवचंय नाय हां. आमी दोगांय येतलों."

"मगे?" काका अजून भिंतीकडेच बघत होते. "मोठी खाट आणलंय गो."