बिनविरोधाला आडवे अण्णा

आमच्या रंगनाथअण्णांना 'सर्वानुमते' हा शब्द सहन होत नाही. दूध सोसायटीच्या सभेत एका मयत सभासदाच्या श्रद्धांजलीचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, तेव्हाही अण्णा उठले. "मंजूर हाय, पन हात वर करून मोजा." माझ्या पोरीच्या लग्नात जिलेबी की बुंदी, यावरही त्यांनी मतदान घेतलं. बुंदी पडली. आमची ही अजून त्यांच्यावर चिडून आहे.

जामखेडपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. इथे कुठलीही निवडणूक लागली की अण्णा उभे राहतात आणि नेमाने पडतात. आजवर कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. यंदा मात्र गावाची झोप उडाली. तीन खडीक्रशर आणि पेट्रोलपंपाचे मालक दादासाहेब सरपंचपदाला उभे राहिले, आणि बिनविरोध केलंत तर देवळाला सभामंडप बांधून देतो म्हणाले. बाकीच्यांनी पटापट माघार घेतली. कुणाचा भाऊ क्रशरवर कामाला, कुणाचा ट्रॅक्टर तिथे लावलेला. माझे दोन टेम्पो त्यांचीच खडी वाहतात. अभिनंदनाचा फ्लेक्ससुद्धा छापून आला. राहिले एकटे अण्णा.

माघारीच्या शेवटच्या दिवशी त्यांची समजूत घालायला मलाच पाठवलं, शेजारी म्हणून. तीनच्या आत कागद तहसीलला पोचायचा होता. मी दीडलाच गेलो. सकाळी दादासाहेबांनी फोन करून टेम्पो नीट चालतात ना, एवढंच विचारलं होतं.

अण्णा काकूंना पेज भरवत होते. लकवा झाल्यापासून सहा वर्षं काकू खाटेवरच आहेत. मी माघारीचा कागद पुढे केला. सभामंडपाचं सांगितलं, टेम्पोंचंही सांगितलं. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

अण्णा वाद घालतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "मागच्या पंचायतीला सगळे उमेदवार आल्ते. हिच्या उशाशी बसून, वैनी कशा हाय, म्हनले. वरीसभर ही तेच सांगत हुती. मत मागायचं नसलं तर आमच्या दारात कोन येतंय?" मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. "सही करतो. पन यंदा कुनी येनार न्हाई, हे हिला तू सांग."

तेवढ्यात काकूंनी मान वळवली आणि अडखळत मला विचारलं, "कोन कोन हाय रं उभं?"

खिशात फोन वाजत होता. मी तो काढला नाही. अण्णांच्या हातातला कागद मात्र काढून घेतला.

"दोघं हायेत, काकू. आपले अण्णा आनि दादासाहेब. दादासाहेब येतील तुमच्याकडं. त्यांना यावंच लागंल."